पट्टा शिकते आहे, वस्तादांना आजार सांगू का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) : पत्रलेखिका २९ वर्षांच्या असून पुण्यात, पेठेतल्या घरी आईवडिलांसोबत राहतात आणि खासगी कंपनीत नोकरी करतात. काही वर्षांपूर्वी त्यांना बायपोलर आजाराचे (यात मन कधी अतिउत्साहाच्या उन्मादात तर कधी खोल उदासीत जाते) निदान झाले. त्या वेळी उन्मादाच्या अवस्थेत त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले होते. तेव्हापासून लिथियम हे मन स्थिर ठेवणारे औषध सुरू आहे आणि गेल्या तीन वर्षांत मोठा झटका आलेला नाही. दोन वर्षांपासून त्या एका आखाड्यात मर्दानी खेळ शिकतात. लाठीकाठी आणि फरी-गदका (ढाल आणि छडीचा खेळ) झाल्यावर आता तलवार आणि दांडपट्टा सुरू आहे. वस्तादांनी त्यांना शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरवायला आणि रविवारी लहान मुलांचा वर्ग घ्यायला सांगितले आहे. आजाराविषयी आखाड्यात कोणालाच माहीत नाही. आईचे म्हणणे असे, की ज्याला आपल्या मनाचा भरवसा नाही त्याने शस्त्र हातात धरू नये. पत्रलेखिका विचारतात : मी वस्तादांना फसवते आहे का? त्यांना सांगितले तर ते मला काढून टाकतील का? आणि पट्ट्यामुळे मन इतके स्थिर झाले असेल तर आता गोळ्या कमी करता येतील का?

नमस्कार,

तुमचे तीनही प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी त्यांच्या बुडाशी एकच गृहीतक आहे. शस्त्र धरायला लायक माणसे एकीकडे, नालायक दुसरीकडे, आणि निदान झाले त्या दिवशी तुमची रवानगी दुसऱ्या बाजूला झाली, असे ते गृहीतक. आई हे उघडपणे बोलतात. तुम्ही ते बोलत नाही, पण मानता. नाहीतर स्वतःच्या औषधोपचाराविषयी मौन बाळगण्याला तुम्ही ‘फसवणूक’ म्हटले नसते. मला हे गृहीतक मान्य नाही. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे हिंसक नसतात आणि ती दुसऱ्यावर हात उगारण्यापेक्षा दुसऱ्याच्या हिंसेला बळी पडण्याचीच शक्यता अधिक असते, हे अभ्यासांतून वारंवार दिसलेले आहे. धोका जिथे वाढतो तिथे उपचार न घेतलेली तीव्र अवस्था आणि त्याच्या जोडीला व्यसन, अशी कारणे बहुधा असतात. तुमच्याकडे तीन स्थिर वर्षे आहेत, आणि नियमितपणे औषध घेणारी व्यक्ती या नात्याने तुम्हाला स्वतःची जेवढी पारख आहे तेवढी आखाड्यातल्या कित्येक धडधाकट मंडळींना स्वतःची नसेल.

(जाता जाता एक गोष्ट. या शहरात शस्त्रविद्या ‘कोणाला शिकवावी’ हा प्रश्न जुना आहे. गंज पेठेतल्या तालमीत लहुजी वस्ताद साळवे यांनी ती ज्यांना शिकवली त्यांत जोतीराव फुलेही होते, आणि ती विद्या त्या काळच्या समाजाने लायक ठरवलेल्यांपुरती ठेवायची नाही हेच त्या तालमीचे वैशिष्ट्य होते.)

असे असले तरी, ‘काही अडचण नाही, बिनधास्त खेळा’ असे मी लिहिणार नाही. पट्टा म्हणजे बुद्धिबळ नव्हे. लवचीक, दुधारी, हातभराहून बरेच लांब पाते आणि कोपरापर्यंत हात झाकणारा खोबळा, अशी त्याची घडण आहे. खोबळ्यात मनगट बंदिस्त असल्यामुळे सगळी फेक खांद्यातून आणि पायांच्या पवित्र्यांतून येते, आणि भोवळ आली तर तलवारीसारखा तो हातातून चटकन टाकूनही देता येत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न आहे तो ‘तुम्ही कोण आहात’ असा नसून ‘आज तुम्ही कोणत्या अवस्थेत आहात’ असा आहे. हा प्रश्न खरे तर आखाड्यातल्या प्रत्येकाला लागू आहे. तापातून उठलेल्यालाही, रात्रपाळी करून आलेल्यालाही आणि घरून भांडून आलेल्यालाही. तुमच्या बाबतीत फरक एवढाच की तुमच्या अवस्था कशा बदलतात याची पूर्वमाहिती उपलब्ध आहे आणि तिचा उपयोग करून घेता येतो.

आधी आईंविषयी. त्यांचे वाक्य कठोर वाटते, परंतु रुग्णालयाचे ते दिवस त्यांनी जागून काढले आहेत हे विसरू नका. त्या तलवारीविषयी बोलतात तेव्हा बहुधा त्यांच्या डोळ्यांपुढे त्या रात्री असतात. त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नसले तरी एका मुद्द्यावर त्या बरोबर आहेत असे मला वाटते : धारदार शस्त्र घरी ठेवू नका. बायपोलर आजाराची उन्मादाची बाजू सगळ्यांना दिसते, मात्र अधिक काळ टिकणारी बाजू बहुतेकांमध्ये उदासीची असते, आणि त्या काळात मन इतरांवर नव्हे तर स्वतःवर उलटते. अशा वेळी घातक वस्तू हाताशी नसणे ही साधी, परिणामकारक आणि कोणाचाही अपमान न करणारी खबरदारी आहे. सरावासाठी घरी लाकडी तलवार किंवा काठी पुरे. पट्टा आणि तलवार आखाड्यात, कुलपात, किल्ली वस्तादांकडे. ही व्यवस्था तुम्ही आपणहून आईंना सांगितलीत, तर ‘सोड ते सगळे’ या हट्टातला बराचसा जोर ओसरेल असा माझा अंदाज आहे. खंडेनवमीला शस्त्रपूजन आखाड्यातच करावे.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळते, कारण मला खरी काळजी त्याचीच वाटते. ‘पट्ट्याने मला बरे केले’ असे तुम्ही लिहिले आहे. त्यात तथ्य आहे. नियमित व्यायाम उदासीच्या लक्षणांना उपकारक ठरतो. ठरलेली वेळ, ठरलेली माणसे, शरीर दमल्यामुळे लागणारी झोप आणि आपल्याला काहीतरी अवघड जमते आहे ही भावना, या सगळ्यांचा हातभार तुमच्या स्थैर्याला लागला असणारच. परंतु ही तीनही वर्षे लिथियम चालूच होते, हे त्या वाक्यात कुठे आले नाही. लिथियमचे मुख्य काम पुढचा झटका टाळण्याचे आहे, म्हणजे ते उत्तम काम करीत असते तेव्हा ते काहीच करीत नसल्यासारखे वाटते. ते अचानक थांबवल्यास आजार उलटण्याची, विशेषतः उन्माद येण्याची, शक्यता वाढते. आणि ‘आता मला गोळ्यांची गरजच नाही’ ही उत्साही खात्री कधी कधी येऊ घातलेल्या उन्मादाचीच पहिली खूण असते. मात्रा कमी करण्याचा प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हाला पुरेपूर आहे. तो तुमच्या मनोविकारतज्ज्ञांना विचारा, आणि मिरवणुकीची तयारी चालू असलेल्या महिन्यांत तर त्यात काहीही बदल करू नका.

तुमच्या आईंना धोका पात्यात दिसतो. मला तो घड्याळात दिसतो. बायपोलर आजारात झोप मोडणे हे उन्माद सुरू होण्याचे एक ठळक कारण आहे, आणि पुण्यातला उत्सवांचा हंगाम म्हणजे झोपमोडीचा हंगाम. ऑफिस सुटल्यावर रात्री नऊला सुरू होणारा आणि साडेअकराला संपणारा सराव, त्यानंतर कोपऱ्यावरचा चहा आणि गप्पा, घरी आल्यावर सरावाचे व्हिडिओ बघत जागणे, आणि सकाळी पुन्हा हिंजवडीची बस, असे पंधरा दिवस चालले तर आजार नसलेला माणूसही चिडचिडा होतो. गणपती विसर्जनाची मुख्य मिरवणूक तर चोवीस तासांहून अधिक चालते. म्हणून माझी पहिली अट झोपेची आहे. रात्रीचा सराव सकाळी किंवा संध्याकाळी लवकर घेता येतो का ते पाहा. मिरवणुकीत भाग घ्यायचा असेल तर तुमचा खेळ किती वाजता, कोणत्या चौकात, आणि त्यानंतर तुम्हाला घरी कोण सोडणार, हे आधी ठरवून घ्या. ‘सगळे थांबलेत, मीच कशी जाऊ’ हा संकोच तुमच्यासारख्या व्यक्तीला महाग पडतो. सलग दोन रात्री झोप नेहमीपेक्षा बरीच कमी झाली असेल तर तिसऱ्या दिवशी धातूचे शस्त्र हातात घ्यायचे नाही, मग अंगात कितीही उत्साह असो. किंबहुना, कमी झोपूनही ताजेतवाने वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

हा नियम तुम्ही बऱ्या असताना लिहून काढा, कारण गरज पडेल तेव्हा तो तुम्हाला पटणार नाही. ही कल्पना माझी नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याने नागरिकाला असेच काहीतरी दिले आहे : आपली निर्णयक्षमता शाबूत असताना पुढच्या उपचारांविषयी आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क. तुम्ही तो निर्देश केला नसेल तर अवश्य करा. त्याच धर्तीवर एक पान खेळासाठी लिहा. तुमच्यात बदल सुरू होतो तेव्हा आखाड्यात तो कसा दिसतो, हे त्यात असू द्या. उन्मादाच्या चढणीवर खेळाडू बहुधा एका तासाऐवजी तीन तास सराव करू लागतो, जोडीदाराच्या साध्या चुकीवर भडकतो, पायाखालचा लिंबू पट्ट्याने कापण्यासारखे प्रकार पुरेशा तयारीशिवाय करायला धजावतो, पगार झाल्या झाल्या तीन तलवारींची ऑर्डर देतो किंवा स्वतःचा आखाडा काढण्याचे बेत आखू लागतो. उताराच्या बाजूला सलामीलाच हात जड वाटतो, पवित्रे माहीत असूनही चुकतात, आणि ‘आज नको’चे निरोप वाढतात. तुमच्या मागच्या झटक्याआधीचे दोन-तीन आठवडे आठवून, आईंना विचारून, तुमच्या खऱ्या खुणा त्या पानावर उतरवा. अशा रीतीने पाहिले तर खेळ हा तुमच्यासाठी औषधापेक्षा तापमापक म्हणून अधिक मोलाचा आहे.

इथेच वस्तादांना सांगण्याचा प्रश्न येतो. तुम्ही आजवर सांगितले नाही ही फसवणूक नाही. उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे तुमच्या डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि कोणाला किती सांगायचे हे तुम्ही ठरवायचे आहे. आखाड्यातल्या एखाद्या सोबतिणीने गोळ्यांची स्ट्रिप पाहिली आणि विचारले, तर ‘नियमित औषध आहे’ एवढे उत्तर पुरेसे आणि खरे आहे. तरीही वस्तादांना सांगावे, असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण प्रामाणिकपणाचे नसून सोयीचे आहे. तुमचे डॉक्टर तुम्हाला महिन्या-दोन महिन्यांनी, खुर्चीत बसलेले पाहतात. वस्ताद तुम्हाला आठवड्यातून अनेकदा, घामात, चुकताना आणि चिडताना पाहतात. वर लिहिलेल्या खुणा सर्वांत आधी त्यांच्याच नजरेस पडतील, पण काय पाहायचे हे ठाऊक नसेल तर ‘पोरगी काय जोमात आलीय’ म्हणून ते पाठ थोपटतील.

सांगताना सगळे पुराण सांगण्याची गरज नाही. आजाराचे नाव, रुग्णालय, त्या वेळी काय काय झाले, हे तुमच्या इच्छेवर सोडा. वर्ग संपल्यावर, बाकीचे पांगल्यावर, एवढे म्हणता येईल : “वस्ताद, मला मनाच्या आजारासाठी औषध चालू आहे. तीन वर्षे प्रकृती स्थिर आहे आणि डॉक्टरांना खेळाची कल्पना आहे. माझी झोप बिघडली किंवा मी फार उतावीळ वाटले, तर मला त्या दिवशी पट्टा देऊ नका, काठी द्या. मी वाद घातला तरी देऊ नका. आणि ही गोष्ट तुमच्यापाशीच राहू द्या.” यातले ‘डॉक्टरांना कल्पना आहे’ हे वाक्य आधी खरे करून घ्यावे लागेल, तुमच्या पत्रावरून ते अजून खरे आहे असे वाटत नाही.

ते तुम्हाला काढून टाकतील का? शक्यता नाकारता येत नाही. काही वस्ताद मनाच्या आजाराला भूतबाधेच्या शेजारी बसवतात, आणि काही जण शिष्याच्या गुडघ्याइतक्याच सहजपणे त्याच्याकडे पाहतात; तुमचे कोणत्या प्रकारचे आहेत याची चाचपणी दोन वर्षांच्या सहवासात तुम्ही केली असेलच. हात मोडलेल्या किंवा अपस्मार असलेल्या शिष्याशी ते कसे वागले, हे आठवून पाहा. त्यांनी नकार दिलाच, तर तो तुमच्या लायकीवरचा निकाल मानू नका. पुण्यात मर्दानी खेळ शिकवणारे गट एकाहून अधिक आहेत.

मुलांच्या वर्गाचा प्रश्न मात्र मी वेगळा काढते. मिरवणुकीत तुम्ही स्वतःपुरत्या जबाबदार आहात, वर्गात दुसऱ्यांच्या मुलांसाठी. वस्तादांना सांगण्याआधी तो वर्ग स्वीकारू नका. सांगितल्यावर स्वीकारायला माझी हरकत नाही, फक्त एकटीने न घेता दुसऱ्या शिक्षकाच्या जोडीने घ्या, म्हणजे तुम्ही एखाद्या रविवारी आला नाहीत तरी वर्ग बंद पडणार नाही आणि तुमच्यावर ओढूनताणून हजर राहण्याचा दबाव येणार नाही. मुलांना तसेही सुरुवातीला लाठीकाठी आणि फरी-गदकाच असतो, धातू नसतोच.

आता लिथियम आणि घाम यांविषयी, कारण हे फारसे कोणी सांगत नाही. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातली लिथियमची पातळी वाढते, आणि योग्य पातळी व घातक पातळी यांत अंतर थोडेच असते. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा उन्हातला सराव टाळा, सरावाआधी आणि मध्ये पाणी प्या, आणि कोणाच्या सांगण्यावरून आहारातले मीठ एकाएकी तोडू नका. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपवास आणि सोबत दसऱ्याच्या संचलनाचा सराव असा मेळ घालू नका. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, निर्जळी तर नकोच. दुसरी गोष्ट अंगदुखीच्या गोळ्यांची. खांदा दुखला की आखाड्यात कोणीतरी खिशातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक काढून देतो. या वर्गातल्या वेदनाशामकांनीही लिथियमची पातळी वाढू शकते, त्यामुळे दुखण्यावर काय घ्यायचे ते आधीच विचारून ठेवा. बोटांना बारीक कंप लिथियमने येऊ शकतो आणि तलवारीच्या मुठीवर तो जाणवतो. तो डॉक्टरांना सांगा, लाजून मूठ अधिक आवळू नका. पण कंप ठळक झाला, चालताना झोक जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, तर तो थकवा समजून झोपू नका, त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन पातळी तपासून घ्या. एरवीही लिथियमची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्या डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने चुकवू नयेत.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. सायकोसिसवरील (वास्तवाचे भान सुटते त्या अवस्थेवरील) काही औषधांनी स्नायू ताठरतात, हालचाल मंदावते किंवा उठताना भोवळ येते. मात्रा बदलल्यावर काही आठवडे काठीवर राहणे शहाणपणाचे. कानात आवाज येत असतील किंवा जोडीदार आपल्या वाईटावर आहे अशी खात्री वाटू लागली असेल, तर त्या काळात शस्त्र पूर्ण बंद, यात वाटाघाट नाही. चिंतेचा विकार असलेल्यांना आखाड्यातला अचानक ओरडा जड जातो, पण हळूहळू तो पचतोही. आणि वस्तादांनो, शिष्याने विश्वासाने काही सांगितले तर त्याची चर्चा पारावर करू नका.

कायद्याचे एवढेच, की ९ इंचांहून लांब पात्याची धारदार शस्त्रे शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतात आणि शहरात पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघत असतात. त्यामुळे तलवार गुंडाळून पीएमपीच्या बसने नेणे कोणीही करू नये. मिरवणुकीची परवानगी आणि शस्त्रांची ने-आण आखाड्याने सांभाळावी.

मन फारच खचले, स्वतःला इजा करण्याचे विचार आले, तर सकाळची वाट न पाहता ‘टेली मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. आईंनाही हा क्रमांक देऊन ठेवा. तुमच्या आणि आईंच्या मधला ताण हलका करायला पुण्यातल्या ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’सारख्या संस्थेकडे विचारणा करता येईल; नाव एका आजाराचे असले तरी मानसिक आजारांसोबत जगणाऱ्या कुटुंबांना तिथे बोलायला माणसे भेटतात.

शिवजयंतीविषयी माझे उत्तर ‘होय’ आहे, पण क्रम असा ठेवा : आधी डॉक्टर, मग आई, मग वस्ताद. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला ते लिहिलेले पान घेऊन जा आणि त्यांना विचारा, की मी पट्टा फिरवते हे कळल्यावर तुम्ही औषधांत, वेळांत किंवा तपासण्यांत काही बदल सुचवाल का. त्यांनी थांबायला सांगितले तर कारण आणि मुदत दोन्ही विचारून घ्या. ‘कायमचे बंद’ असे सांगितले आणि कारण पटले नाही, तर दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांचे मत घेण्यात गैर काही नाही.